लटकत्या चाकावर कसलेला बोल्ट

दिवाळीच्या आधी बसवलेला बुश होळीच्या आत फाटून परत आला. बुश म्हणजे चाक धरणारा आर्म आणि गाडीचा सांगाडा यांच्या सांध्यातलं रबर, बाहेर पोलादी कडं, मध्ये नळी. वणी–करंजी रस्त्यालगतच्या एका टिनाच्या शेडात तो लाकडी पाटावर पडला होता. बाहेरच्या पोलादी कड्याचा पिवळसर मुलामा शाबूत, वरचा छाप अजून वाचता येईल असा. आतलं रबर मात्र मधल्या नळीपासून अर्ध्याहून जास्त सुटलेलं. करंगळी घालून नळी ढकलली की ती पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखी डुलायची. गाडी पांढरी मारुती ८००, मालक साठी ओलांडलेले शेतकरी, कॉलरजवळ कापसाचे तंतू चिकटलेले. मिस्त्रीनं बुश उलटासुलटा करून पाहिला, नाकाशी नेला, बोटानं दाबला आणि म्हणाला, "काकाजी, माल खोटा नाई."

काकाजींचा चेहरा पडला. माल खोटा निघाला असता तर दुकानदाराला चार शब्द ऐकवून मोकळं होता आलं असतं.

"मंग फाटलं काऊन?"

मिस्त्री बोलला नाही. फाटलेल्या जागेवरून त्यानं अंगठा एकाच दिशेनं दोनदा फिरवला आणि बुश परत पाटावर ठेवला. तो 'काऊन' शेडात तसाच लोंबकळत राहिला. मुठीत मावेल एवढी ही वस्तू, पण चार वर्षं टिकायची ती चार महिन्यांत फाटते तेव्हा तिला कुणाकुणाचे हात लागले याचा माग काढावा लागतो.

सुरुवात आवाजापासूनच होते. गाडी घेऊन येणारा माणूस 'खालून वाजते' एवढंच सांगतो आणि बोटानं नेमकी चुकीची बाजू दाखवतो. त्यात त्याचा दोष नाही. पत्रा आवाज वाहून नेतो, डावीकडचा आवाज उजव्या पायाशी ऐकू येतो. म्हणून कुठून येतो हे मागाहून, आधी केव्हा येतो ते विचारावं. ब्रेक दाबल्यावर एक 'टक्', ब्रेक सोडून रिव्हर्स घेतली की पुन्हा एक 'टक्', म्हणजे चाक पुढं-मागं सरकतंय. आर्मचा बुश किंवा स्टॅबिलायझर बारच्या, म्हणजे पुढच्या दोन्ही आर्मना जोडणाऱ्या पोलादी दांडीच्या, टोकाचं रबर गेलं. उखडलेल्या डांबरावर सलग खडखड असेल तर बारचे क्लॅम्प आधी पाहावेत. पूर्ण वळवून रेस दिल्यावर 'कटकट' आली तर तो ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांडीचा, जॉइंट, बुशाचा काही संबंध नाही. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना वरून 'टण्ण' झालं तर शॉकअपच्या डोक्यावरचा माउंट. आणि डिसेंबरच्या सकाळी गतिरोधकावर 'कुई' करून दुपारी गप्प बसणारी गाडी बहुतेक वेळा निव्वळ थंडीनं कडक झालेल्या रबराची असते. तिला काही करायचं नसतं, पण हे पटवणंच सगळ्यात अवघड. आवाज न करताही बुश जातो. ब्रेक मारताना स्टिअरिंग एका अंगाला ओढतं, सरळ रस्त्यावर सारखं सावरत बसावं लागतं, आणि पुढच्या टायरची आतली कड बाहेरच्या कडेच्या आधी गुळगुळीत होते.

कानाचा अंदाज डोळ्यानं पडताळायला दोन माणसं लागतात. गाडी कडक सपाट जागेवर, एक जण आत, दुसरा चाकाच्या बाजूला. समोर कधीच नाही. आतल्यानं पाय ब्रेकवर घट्ट ठेवून पहिल्या गिअरमध्ये अर्धा क्लच सोडायचा, मग तसाच रिव्हर्समध्ये. चाक किंचित दबल्यासारखं होणं ठीक. मडगार्डच्या पोकळीत ते उघड पुढं-मागं सरकलं आणि टोकाला 'टक्' झालं तर शोध संपत आला. मग जॅक, गाडी टेकवायची लोखंडी घोडी, आणि आर्म नि क्रॉस मेंबर (गाडीखालचा आडवा पोलादी भाग) यांच्या फटीत टॉमी, म्हणजे लोखंडी पहार. टॉमी दाबली की चांगलं रबर दोन-तीन मिलिमीटर हलतं आणि हात सैल केला की आपोआप जागेवर येतं. वाईट रबर हललं की हललेलंच राहतं, किंवा लोखंड लोखंडाला लागल्याचा कोरडा ठोका हाताला जाणवतो. बघायचं ते दाबतानाच: मधली नळी आणि रबर यांच्यात चंद्रकोरीसारखी काळी फट उघडते का? वरवरच्या बारीक भेगांना घाबरू नये. एप्रिल-मेचं पंचेचाळीस अंश ऊन आणि हवेतला ओझोन यांनी इथल्या प्रत्येक जुन्या रबरावर त्या पडतातच. पात्याचं टोक चार-पाच मिलिमीटर आत शिरत असेल तर मात्र तो बुश काढायचाच. जॅकवर असतानाच चाक वर-खाली धरून हलवून आर्मच्या बाहेरच्या टोकाचा बॉल जॉइंटही पाहून घ्यावा. तोही ढिला असेल तर नुसता बुश बदलणं म्हणजे एकाच आर्मवर दोनदा मजुरी. आर्म बॉल जॉइंटसकट मिळत असेल तर अशा वेळी पूर्ण आर्मच घ्यावा.

मारुती ८०० मध्ये हे प्रकरण आणखी नाजूक. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी ग्राहकाला मिळाली, जानेवारी २०१४ मध्ये शेवटची तयार झाली. मधल्या तीस वर्षांतल्या असंख्य गाड्या आजही पांदण रस्त्यांवर धावतात. तिच्या पुढच्या खालच्या आर्मला आतल्या अंगाला एकच बुश. आर्म पुढं-मागं जाऊ नये म्हणून धरतो तो स्टॅबिलायझर बार, आर्मच्या टोकातून आरपार गेलेला, दोन्हीकडून रबर आणि वायसर लावून नटनं आवळलेला. मोठ्या गाड्यांत एल आकाराच्या आर्मला दोन बुश असतात, भार वाटला जातो. इथं बारच्या टोकाचं रबर मेलं की ब्रेकचा सगळा हिसका आर्मच्या त्या एकुलत्या बुशावर येतो. म्हणून या गाडीत आर्मचा बुश बदलला आणि बारची रबरं जुनीच ठेवली तर नव्या बुशाचं आयुष्य तिथंच निम्मं होतं. रबरं स्वस्त असतात, तीही विसरतात लोक.

काकाजींच्या गाडीत बारची रबरं नवी होती. म्हणजे तो मार्ग बंद.

मिस्त्रीनं बुश नाकाशी नेला होता तो कशासाठी, हे डॅशबोर्डचा खण उघडल्यावर कळलं. आत कागदपत्रं, सुपारीची पुडी आणि शिलाई मशीनच्या तेलाची चपटी डबी. "आवाज आला का दोन थेंब देतो," काकाजी सरळपणे म्हणाले. "बंद होते ना मंग!"

बंद होतोही. दोन दिवस.

आवाज आला की तेल, ही सवय गाडीच्या आधीपासूनची आहे. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा आखावर फिरतो, लोखंड लोखंडावर घासतं, तिथं वंगण नाही दिलं तर चाक रडतं आणि बैलाच्या मानेवर भार येतो. चाक काढायचं, जुनं काळं मळ झालेलं वंगण पुसायचं, नवं भरायचं. घरातल्या पोरालाही हे जमायचं. पुढं जीप आल्या, अ‍ॅम्बॅसडर आली, त्यांच्या सांध्यांना ग्रीसचे निपल होते आणि ग्रीस गन दाबली की दुसऱ्या बाजूनं जुनं ग्रीस बाहेर येताना दिसायचं. तीन पिढ्यांचा अनुभव एकच सांगत आला: फिरतं तिथं वंगण. मारुतीच्या आर्मला निपलच नाही. इथं कोणी विसरलेलं नाही. मुळात तिथं काही घासतच नाही. बाहेरचं कडं आर्मच्या डोळ्यात, म्हणजे टोकाच्या गोल भोकात, दाबून घट्ट बसवलेलं. मधली नळी चॅसिसच्या दोन कानांमध्ये बोल्टनं अशी आवळलेली की तीही फिरत नाही. दोन्ही लोखंडं जागच्या जागी, आणि मध्ये दोहोंना चिकटवलेलं रबर. चाक वर-खाली होतं तेव्हा ते रबर पिळलं जातं आणि उलट पिळून परत येतं. त्या चिकटलेल्या जागेत तेल गेलं की रबर फुगतं, मऊ पडतं, आणि नळीपासून सुटायला लागतं. तेलानं आवाज थांबतो तो सुटलेल्या जागेत घसरण झाली म्हणून.

एकट्या काकाजींनाच बोल लावायचं कारण नाही. मिरगाच्या आधी गंज लागू नये म्हणून गाडीच्या पोटाखाली जळकं ऑइल आणि डिझेल एकत्र करून फवारायची पद्धत सगळीकडे आहे. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांना, चॅसिसला ते मानवतं. पण फवारणारा पोरगा पाटे आणि बुश यांत फरक करत नाही. त्याला सगळं काळंच दिसतं. फवारायचंच असेल तर आर्मच्या बुशांवर, बारच्या रबरांवर आणि बॉल जॉइंटच्या टोपीवर आधी प्लास्टिकच्या पिशव्या बांधून घ्याव्यात. पाच मिनिटांचं काम आहे. चुकून तेल पडलंच तर साबणाचं पाणी, आणि वर साधं पाणी.

पण मशीनच्या तेलाचे दोन-दोन थेंब चार महिन्यांत बुश अर्धा सोडवतील, हे काही जुळत नव्हतं.

काढण्याचं काम बसवण्याइतकं नाजूक नाही, तरी फसवतं. आदल्या रात्री बोल्टच्या आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारावं. बुश फेकायचाच असल्यानं इथं ते चालतं. चाकाचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करावेत. शेतातल्या काळ्या मातीवर जॅक लावायची वेळ आलीच तर खाली किमान एक फूट लांब-रुंद फळी हवी, नाहीतर गाडी वर जायच्या ऐवजी जॅक खाली जातो. विटा रचून त्यावर गाडी कधी ठेवू नये. वीट आधी सांगत नाही, एकदम फुटते. पुढची दोन्ही चाकं एकदमच उचलावीत. एकच उचललं तर स्टॅबिलायझर बार पिळलेला राहतो आणि नट सुटताक्षणी उसळी मारतो. बॉल जॉइंटची दांडी आडव्या पिंच बोल्टनं आवळलेली असेल तर तो बोल्ट पूर्ण बाहेर काढल्याशिवाय दांडी निघत नाही, कारण तो दांडीच्या खाचेतून गेलेला असतो. आर्म सुटल्यावर नकल, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, बाहेर ओढू नये, ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटतो. आणि ब्रेकच्या होजवर तिचं वजनही लोंबू देऊ नये, तारेनं बांधावी. सगळ्यात छळतो तो आतला बोल्ट. पाच-सहा पावसाळ्यांत तो मधल्या नळीला आतून गंजून एकजीव होतो, आणि पान्यानं फिरवला की नळीसकट रबर पिळतं, बोल्ट जागचा हलत नाही. अशा वेळी नट टोकापर्यंत परत चढवून मग ठोकावं, नाहीतर आटे चेपतात. तरीही नाही निघाला तर आर्म आणि कान यांच्या फटीतून करवतीनं कापणं हाच शेवटचा मार्ग.

जुना बुश काढायला रस्त्याकडेची रीत म्हणजे पेटवून देणं. रबर जळतं, काळा धूर शेजारच्या चहाच्या टपरीपर्यंत जातो, आणि काम झाल्यासारखं वाटतं. आर्मचा रंग जळतो, त्याच पावसाळ्यात गंज धरतो, आणि पलीकडच्या टोकाला बॉल जॉइंटची रबरी टोपी भाजून निघते. मला ही रीत अजिबात मान्य नाही. रबर ड्रिलनं पोखरून मधली नळी काढावी, करवतीचं पातं डोळ्यातून ओवून मग फ्रेमला लावावं आणि बाहेरचं कडं आतून एका रेषेत कापावं, आर्मला धक्का न लावता. छन्नीच्या एका ठोक्यात कडं आत दुमडतं.

त्याआधी मात्र मोजमाप. बुश कोणत्या बाजूनं किती बाहेर आहे ते व्हर्नियरनं लिहून ठेवावं, आणि रबरात पोकळ्या असतील तर त्यांची दिशा आर्मवर रंगानं खुणावून ठेवावी. पोकळीच्या दिशेनं रबर मऊ असतं, आडव्या दिशेनं कडक. नवा बुश वळवून बसला तर गाडी ब्रेकला वेगळीच वागते. डोळा आतून बारीक पॉलिश पेपरनं साफ करावा. नवा बुश रात्रभर फ्रीजरमध्ये आणि आर्म उन्हात, ही युक्ती इथल्या उन्हाळ्यात फुकट मिळते. साठ अंशांवर तापलेला आर्म आणि शून्याखाली पंधरा अंशांचा चाळीस मिलिमीटरचा बुश यांत साडेतीन शतांश मिलिमीटरचा फरक पडतो. थोडकाच, पण बुश सरळ सुरू व्हायला तेवढा पुरतो. प्रेसवर किंवा व्हाइसमध्ये दाबताना जोर फक्त बाहेरच्या कड्यावर यायला हवा. त्या मापाचा पाइपाचा तुकडा लेथवाल्याकडून कापून घ्यावा, आणि पलीकडे बुश मावेल एवढा दुसरा. मधल्या नळीवर ठोकला तर रबराचा सांधा बसवतानाच फाटतो, बाहेरून दिसत मात्र नाही.

युरेथेनचे लाल-पिवळे बुशही आता मिळतात. ते जास्त टिकतात, हे खरं. पण त्यांची रचना वेगळी. त्यात नळी खरोखर फिरते, म्हणून त्यांना त्यांचं सिलिकॉन ग्रीस लागतं, आणि ते आटलं की कुरकुर सुरू. शिवाय पांदणीतला प्रत्येक दगड ते थेट स्टिअरिंगपर्यंत पोचवतात. या रस्त्यांना रबरच बरं.

मिस्त्रीनं नवा बुश बसवला, आर्म चढवला, बोल्ट आत सारला, नट हातानं फिरवत आणला. पाना लावला. आणि थांबला.

त्यानं पाटावरचा फाटका बुश पुन्हा उचलला. फाट सरळ नव्हती, तिरकी होती, पिळा देऊन फाडलेल्या पोत्यासारखी, सगळी एकाच दिशेला. तेलानं सुटलेलं रबर सगळ्या बाजूंनी पिलपिलीत पडतं. हे एका बाजूला ओढून ओढून तुटलं होतं. दिवाळीत या शेडात गाड्यांची रांग होती. बुश बसवला तोही यानंच. गाडी घोड्यांवर, चाकं लटकत, आणि पाना हातात होता म्हणून तेव्हाच बोल्ट कसून टाकला.

चाक लटकतं तेव्हा आर्म खाली झुकलेला असतो. आर्म तीस सेंटीमीटर आणि चाक नेहमीच्या जागेपासून आठ सेंटीमीटर खाली धरलं तर तो झुकाव होतो पंधरा अंशांचा. त्या स्थितीत बोल्ट आवळला की मधली नळी तिथंच पक्की होते, म्हणजे रबराला वाटतं हीच आपली बसायची जागा. मग गाडी जमिनीवर येते, आर्म वर जातो, आणि उभ्या गाडीतही रबर पंधरा अंश पिळलेलंच राहतं, रात्री अंगणात झाकून ठेवलेली असतानाही. त्यात वणीच्या कोळशाच्या ट्रकांनी खचवलेला रस्ता. खड्ड्यात चाक आणखी वर गेलं की पिळा पंचवीस-तीस अंशांवर. रबर दोन्हीकडं थोडंथोडं पिळायला बनवलेलं असतं, एकाच बाजूला सगळं नाही. कधीकधी ती बाजू बोटभर उंचही उभी राहते, कारण पिळलेलं रबर स्प्रिंगचंच काम करू लागतं. तेलानं फार तर वाट सोपी करून दिली.

मिस्त्रीनं नट नुसता टेकवून ठेवला. चाक चढवलं, गाडी खाली उतरवली, पलीकडच्या वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर हळू नेली, पुढचा भाग चार-पाच वेळा दाबून झुलवला. रॅम्पवर चारही चाकांवर वजन असतं आणि खाली माणूस बसू शकतो, या कामाला यापेक्षा चांगली जागा नाही. रॅम्प नसेल तर टेप लागते: गाडी उचलायच्या आधी चाकाचा मध्य ते मडगार्डची कड हे अंतर मोजून दारावर खडूनं लिहायचं, आणि कसायच्या वेळी आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली जॅक लावून तेवढंच अंतर परत आणायचं. किती कसायचं याचा आकडा दर गाडीला वेगळा, पुस्तकातून घ्यावा. टॉर्क पाना नसेल तर अंदाजासाठी एवढंच की तीस सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकाला तीस किलोचा जोर म्हणजे सुमारे नव्वद न्यूटन-मीटर. नायलॉनचा लॉक नट जुना परत लावायचा नाही. दुसऱ्या बाजूचा बुशही त्यानं सैल करून तिथंच, वजनावर, पुन्हा कसला. तोही दिवाळीतलाच होता. अलाइनमेंटला वणीला जावं लागणार होतं. या गाडीत टो, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडं किती आत-बाहेर आहेत ते, तेवढा जुळतो, पण आर्म उतरवल्यावर तो पाहायलाच हवा.

"मजुरी किती झाली?"

"बुशाचे द्या काकाजी. मजुरी राहू द्या."

काकाजींनी एकदा त्याच्याकडं, एकदा पाटाकडं पाहिलं. विचारलं काहीच नाही. पैसे मोजले, मग खणातली डबी काढून हातात धरून उभे राहिले.

"मंग हे तेल कुठं घालू?"

"दाराच्या बिजागरीले घाला," मिस्त्री रॅम्पखालून म्हणाला. "ते कवापासून बोंबलून राह्यलं."